अडीच आणि तीन

धाकट्या साडूंची गाडी त्या दिवशी अकरा वाजता भंगारात जायची होती. निकाल अचूकरावांचाच. "इंजिन संपलंय. चढावर धापा टाकतंय. आता औषधपाणी पुरे," असं त्यांनी मागच्याच आठवड्यात बॉनेटवर हात ठेवून जाहीर केलं होतं. अचूकराव हे सासुरवाडीनं ठेवलेलं नाव. वजनमापांचे तपासनीस म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी आपली चूक कबूल केलेली उभ्या जन्मात कुणी ऐकली नव्हती. गाडी मूळची सासऱ्यांची. धाकटी मेहुणी तिच्यावरच गाडी शिकली, आणि निकाल ऐकून रडत आत निघून गेली होती.

पण आज अचूकरावांना स्वतःच्याच गाडीनं वैताग आणला होता. तीच कंपनी, तेच साल, फक्त हिला टर्बो. सहा महिने ती काळा धूर ओकत होती आणि पाण्यासारखं पेट्रोल पीत होती. प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलवाल्याशी भांडून झालं. शेवटी गॅरेजवाल्यानं "आधी दाब मोजा, मग मला शिकवा" म्हणत आपला गेज यांच्या हातात कोंबला होता.

"अहो, चहा तिसऱ्यांदा गरम केलाय," बायको दारात आली. "काय बिघडलंय?"

"रेग्युलेटर बघतोय."

"शेगडीला असतो तसा?"

"शेगडीचा काय संबंध!" ते खेकसले. मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे... तसाच. इंजिनला पेट्रोल किती दाबानं द्यायचं, ते हा ठरवतो. बिनटर्बोच्या गाडीला दाब तीन, माझ्या गाडीला अडीच. टर्बो हवा कोंबायला लागला की ह्या बारक्या नळीतून त्याला कळतं आणि तो दाब वाढवतो. पण मुळात अडीच."

मूळ दाब दिसावा म्हणून त्यांनी बारकी नळी काढून धरली. इंजिन संथ चालू होतं.

"मग काटा तीनवर कसा?" बायकोनं विचारलं.

अचूकरावांनी गेजला टिचकी मारली. काटा ढिम्म. इंजिन बंद करून त्यांनी रेग्युलेटरवरचा मळ फडक्यानं पुसून काढला. पत्र्यावर आकडा ठोकलेला होता. तीन.

"साडूंचे उद्योग!" ते ओरडले. "माझा ढापून स्वतःचा लावला मला!"

बोलता बोलताच त्यांना ते आठवलं. सहा महिन्यांपूर्वी दोन्ही गाड्यांची साफसफाई त्यांनीच काढली होती. दोन्ही रेग्युलेटर एकाच वाडग्यात पेट्रोलमध्ये बुडवले होते. दिसायला जुळे भाऊ. साडूंचं चष्म्यांचं दुकान, त्यांनी खिशातून फ्रेमला बांधायची दोऱ्याची चिठ्ठी काढून विचारलंही होतं, "बांधू का एकाला?" त्यावर हे म्हणाले होते, "मला चिठ्ठी लागत नाही. तीस वर्षं वजनं तपासली आहेत. हाताला कळतं."

म्हणजे यांचा अडीचवाला तिकडे होता. ती बिचारी गाडी सहा महिने अर्धपोटी चढ चढत होती, आणि यांनी तिला मेलेली ठरवली होती. घड्याळात साडेदहा वाजले होते.

"तू धाकटीला फोन कर. थांबवा म्हणावं."

"का म्हणून विचारलं तर?"

"काहीतरी सांग."

"काहीतरी मी का सांगू? तुमचं तुम्ही सांगा," म्हणून बायको आत गेली.

फोन खिशात होता. त्यावर एक वाक्य बोललं असतं तर काम झालं असतं. त्याऐवजी अचूकराव पान्हे घेऊन गाडीत बसले आणि सगळी गल्ली धुरानं काळी करत निघाले.

ते पोचले तेव्हा भंगारवाला गाडीला हूक लावत होता.

"थांबा! एक भाग बदलून बघू."

"तुम्हीच म्हणालात ना, संपलंय?" साडू म्हणाले.

"म्हणालो असेन!"

दोन्ही बॉनेट उघडली. दोन स्क्रू, दोन नळ्या, इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. अचूकरावांनी आपली गाडी चालू करून बघितली, धूर गेला होता. भंगारवाला ट्रकचं इंजिन घुरघुरत ठेवून घड्याळ दाखवत होता. मग मेहुणी गाडीत बसली, गल्लीचा चढ एका दमात चढली आणि वळून खाली आली. तिचे डोळे भरले होते.

"काय झालं होतं, भावजी?"

"रेग्युलेटर बदलले गेले होते."

"बदलले गेले होते म्हणजे? आपोआप?"

अचूकराव काहीतरी पुटपुटले. तीन इंजिनांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मेहुणीनं किल्ली फिरवून आपली गाडी बंद केली. मग शांतपणे जाऊन यांचीही बंद केली. भंगारवाल्यालाही गंमत वाटू लागली होती. त्यानं ट्रक बंद केला.

"आता सांगा."

"चुकलं माझं," अचूकराव म्हणाले. कान लाल झाले होते. "मीच उलटे लावले. आणि मेली म्हणून सांगितलं तेही मीच."

"सहा महिने आमचे हे मला म्हणत होते, तुला चढावर गिअर टाकता येत नाही," मेहुणी म्हणाली. "मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

साडूंनी मान खाली घातली. मग खिशात हात घालून त्यांनी दोऱ्याची एक चिठ्ठी काढली, तिच्यावर ठळक 'तीन' लिहिलं आणि अचूकरावांकडे बघितलं.

"बांधू?"

"बांधा," अचूकराव म्हणाले. "माझ्याकडच्यालाही बांधा."