अर्धं येणाऱ्या बाया

"अर्धं येतंय तर मागनं धरा गो, माझ्या गळ्यात गळा अडकवू नका!"

आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, भातलावणीच्या चिखलात वाकलेल्या आईचा हा ओरडा आवडीला चाळीस वर्षांनीही ऐकू येई. अख्खं गाणं एकट्या आईला, बनुबाईला, पाठ. बाकीच्या बाया मधली कडवी गाळून गात. तिच्यावाचून त्यांचं गाणं उठत नसे, आणि त्यांच्या गलक्यात तिचंही पुढे सरकत नसे. पुढे पोट फुगून, डोळे पिवळे होऊन बनुबाई गेली.

आज महाडच्या दवाखान्यात डॉक्टर आम्रपाली आवडीचा रिपोर्ट उलगडून बसल्या होत्या. बाहेर बाकावर लेक सेजल, सातव्या महिन्यातली, पाचाडहून बाळंतपणाला आलेली. आई पित्ताच्या औषधाला येते, एवढंच तिला ठाऊक. 'बी' कावीळ आवडीनं नऊ वर्षं दडवली होती. आधी लेकीचं लग्न अडेल म्हणून, मग लाजेनं.

"हा विषाणू स्वतःच्या नकला काढतो," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्यात कित्येक नकलांतून मधला तुकडाच गळलाय. अशा अर्धवट नकला एकट्यानं वाढत नाहीत, अख्खा विषाणू सोबत लागतो. त्यांच्या गर्दीनं अख्ख्याची चाल मंदावत असावी, असं काहींना वाटतं. पक्कं अजून कुणालाच ठाऊक नाही."

आवडीनं हात उताणा केला. मनगटातली निळी शीर बारीक उडत होती. एवढ्याशा ओहोळात एवढा मेळा!

"म्हणजे गाण्यातलं मधलं कडवं गाळून गातात तसं, बाई?"

"अगदी तसंच. पण अख्खा एक जरी उरला, तरी आईकडून लेकराला जातो. सेजलला सांगितलंत ना? तिच्यातही असेल, तर तिच्या बाळाला जन्मल्याबरोबर लस हवी, एका दिवसाच्या आत."

आवडी उठून बाहेर बाकापाशी आली.

"झालं तुझं पित्त?" सेजल हसली. "चल, वडा खाऊ. नर्स माझं रक्त मागत होती. म्हटलं, मला काय धाड भरलीय? सोमवारी बघू."

आवडी तिच्या शेजारी टेकली. "आजीचं लावणीचं गाणं येतं गो तुला?"

"अर्धंच. का?"

आवडीनं तिच्या पोटावर हात ठेवला. आत काहीतरी ढुशी देऊन गेलं.

"मला पित्त नाय, सेजल. बी कावीळ हाय. आजीकडनं मला आली असंल, माझ्याकडनं तुला. ऊठ, आधी रक्त दे."