गुरुवारचा पिक्चर

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची. रहाटणीच्या घरात तेजस्विनी मोबाईलवर सिनेमाचं परीक्षण वाचून दाखवत होती आणि तिच्या सासूबाई, विमलबाई, मेथी निवडत ऐकत होत्या.

"पाचात एकच तारा दिलाय, आई. मुखवटेवाला खुनी, दर दहा मिनिटांनी एक मुडदा. भडक रंग, कानठळ्या बसवणारा आवाज. आंधळ्यालाही कळेल इतका ढोबळ चित्रपट."

विमलबाईंचा हात थांबला. "शेवटचं पुन्ना वाच."

तेजस्विनीने जीभ चावली. आतल्या खोलीत सासरे, मारुतराव, पडले होते. काचबिंदूने त्यांचा एक डोळा गेला होता, दुसरा विझत आला होता. नजर दिवाळीपर्यंतच धरून चाला, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मग ह्योच बघायचा," विमलबाई म्हणाल्या. "उद्या गुरुवार हाय. परवा काढून टाकत्याल."

गुरुवारला त्या घरात मान होता. मारुतराव भोसरीच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर होते आणि तिथली सुट्टी गुरुवारची. जग रविवारी सिनेमाला जाई. हे दोघं गुरुवारी, शुक्रवारी नवा लागायच्या आधी, रिकाम्या थेटरात पडेल सिनेमे बघत. भुताखेतांचे, खुनाखुनीचे. एक्क्याण्णव साली प्रेसने मारुतरावांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं नेली. तेव्हापासून पडद्यावर सुरा निघाला की ते तोच हात डोळ्यांवर धरत.

"हात कशाला धरताय? फटीतून सगळं दिसतंय की!" विमलबाई म्हणत.

"म्हणून तर धरतोय."

पण बावीसच्या उन्हाळ्यात मुलाने, जयदीपने, आईवडलांना एका नावाजलेल्या सिनेमाला नेलं. कंदिलाच्या उजेडातलं संथ काम. बाहेर आल्यावर मारुतरावांनी हळूच विचारलं होतं, "त्यात बाई व्हती का गं?" त्या दिवसापासून त्यांनी थेटराचं नाव टाकलं होतं.

आताही ते म्हणाले, "मला काय दिसायचंय? तिकिटाची माती."

जयदीपही कुरकुरला. "आई, अण्णांना असला पिक्चर दाखवतेस?"

"तुज्या चांगल्या पिक्चरात अंधार लई असतोय, बाबा."

दुपारच्या खेळाला सगळी मिळून सात माणसं होती. विमलबाईंनी मुद्दाम पडद्याजवळची, पुढून दुसरी रांग घेतली. पडदा उजळला. भिंतीएवढे चेहरे, कुंकवासारखं रक्त. शेजारून काहीच आवाज येईना. दिसतंय का, हे विचारायचा त्यांना धीर होईना. नाही म्हणाले तर?

मुखवटेवाल्याने कोयता उगारला, दारावर घातला.

"आगं, पत्रा हाय त्यो!" मारुतराव ओरडले. "वाकला बघ! दीड एमेमचाबी नसंल! आन् मुखवट्याच्या कडा घासल्याच न्हाईत!"

मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, गुपचूप बघा की!"

"बघतोय, बाबा," मारुतराव म्हणाले. "बघतोय!"

पुढचा मुडदा कुणाचा पडला ते विमलबाईंना कळलं नाही. त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. पदराने पुसून पाहिलं तर शेजारी तो तीन बोटांचा हात वर गेलेला होता.

शुक्रवारी सिनेमा उतरला. दिवाळीआधीच मारुतरावांचा उरलासुरला उजेड गेला. जयदीपची हिंजवडीहून बंगळुरूला बदली झाली. तेजस्विनीही गेली, पण जाण्याआधी तोच सिनेमा टीव्हीवर कसा लावायचा, हे सासूबाईंना शिकवून गेली. परीक्षण कुणी लिहिलं होतं ते विमलबाईंना ठाऊक नाही. दिवा लावताना त्या त्याच्या नावानेही हात जोडतात. त्याने 'आंधळ्यालाही' असं लिहिलं नसतं, तर त्या गेल्या नसत्या.

अजूनही गुरुवारी जेवणं झाली की दोघं टीव्हीसमोर बसतात. कोण कुठे लपलंय, विमलबाई सांगत राहतात.

"आला बरं का. कोयता काढला."

मारुतराव हात डोळ्यांवर धरतात. मधल्या दोन बोटांची जागा मोकळीच असते.