मढ्यानं बोलायचं नाही

आमच्या सिनेमातला खून चार वाजून दहा मिनिटांनी होतो. शूटिंग मात्र तीन दिवस चाललं. म्हणून पहिल्याच दिवशी मी स्टुलावर चढून आमच्या बैठकीच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ चार-दहावर बंद करून ठेवलं. एका शॉटमध्ये चार-दहा आणि पुढच्यात साडेअकरा दिसले असते, तर सिनेमाच्या कॉलेजातल्या परीक्षकांनी आमची सालटी काढली असती. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. धडधाकट घड्याळ मी मुद्दाम बंद पाडतेय हे पाहून त्यांचा चेहरा असा पडला, की खरा खून तिथेच झाला असं वाटावं.

तरी त्यांनी मढं व्हायचं कबूल केलं. ठरलेला नट तापाने फणफणला होता.

"मला संवाद काय आहेत?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही मेलेले आहात."

"मग मरायच्या आधी काही बोलतो का मी?"

"सिनेमा सुरू होतो तेव्हाच तुम्ही मेलेले असता."

"बरं. पाठांतर तरी वाचलं."

थट्टा चालली होती खरी, पण हा सिनेमा पुरा होणं मला भाग होतं. गेल्या वर्षी माझा परीक्षेचा सिनेमा अर्धवट राहिला आणि मी नापास झाले. बाबा ओरडले नाहीत. "आणखी एक वर्ष घे," एवढंच म्हणाले. "या खेपेला जमलं नाही तर दुकानात माझ्या शेजारी बसायचं." दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी सुताराकडून स्वतःच्या स्टुलासारखं दुसरं स्टूल करून आणलं, वर उशीसुद्धा शिवून घेतली. तेव्हापासून दुकानावरून जाताना मी मान दुसरीकडे वळवते.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला फक्त शेवटचा शॉट उरला होता. खुनी मढ्याजवळ वाकतो, हातमोजे काढतो आणि शांतपणे निघून जातो. बाकीचा सिनेमा जोडून आमचा एडिटर, ज्याला आम्ही कात्री म्हणायचो, कॉलेजच्या एडिटिंगच्या खोलीत तयार बसला होता. हा तुकडा त्याच्याकडे पोचवायचा आणि सहाच्या आत सिनेमा तिथल्याच खिडकीवर जमा करायचा. सहाला खिडकी बंद, म्हणजे बंद.

खुन्याचं काम ससा करत होता. झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारा मुलगा. पण उंची आणि भुवया त्याच्याकडेच होत्या. पहिल्या टेकला बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "अरे, बुटाची नाडी सुटलीय तुझी, पडशील."

मी डोक्याला हात लावला. "बाबा! मढ्यानं बोलायचं नाही! आभाळ कोसळलं तरी नाही!"

"नाही बोलणार," बाबा म्हणाले आणि पुन्हा मेले.

दुसऱ्या टेकला सशाच्या आईचा फोन आला, जेवलास का म्हणून. मी सगळ्यांचे फोन गोळा करून डब्यात घातले आणि डबा कपाटात गाद्यांच्या खाली कोंबला. खिडक्यांना काळ्या चादरी लावलेल्याच होत्या. तिसरा टेक, चौथा टेक. मी भिंतीकडे पाहिलं. चार-दहा. भरपूर वेळ होता. सहाव्या टेकनंतर पुन्हा पाहिलं. चार-दहा. "आज काम कसं झपाझप चाललंय," मी कॅमेरावालीला म्हणाले आणि तिनेही भिंतीकडे बघून मान डोलावली. घड्याळ मी स्वतःच्या हाताने थांबवलं होतं. पण जन्मापासून ज्या घड्याळाकडे बघून घराबाहेर पडले, त्याच्यावर डोळे आपोआप विश्वास ठेवतात.

आठवा टेक सुरेख झाला. पण मी हावरट. "अजून एकच," मी म्हणाले.

ससा वाकला. एक हातमोजा काढला, दुसऱ्याला हात घातला. आणि मढं ताडकन उठून बसलं. छातीवर बीटचा रस, डोळे वटारलेले. थेट सशाच्या तोंडाकडे बघून ते म्हणालं, "वेळ संपत आली. पळ!"

सशाने अशी किंकाळी फोडली की शेजारची काकू धावत आली. तो दारातून जो निघाला तो थेट कोपऱ्यावर जाऊन थांबला.

"बाबा!" मी ओरडले.

"पावणेसहा झालेत," बाबा म्हणाले. घड्याळाची काच घासू नये म्हणून ते तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला बांधतात, आणि मढ्याचा हात मीच त्यांच्या तोंडासमोर ठेवायला लावला होता. "जा ना! माझ्याकडे काय बघतेस?"

मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून स्कूटर पिटाळली. कात्रीच्या खोलीत पोचले ती धापा टाकतच कार्ड त्याच्या हातात कोंबलं. आमच्यात एक नियम होता, शेवटचा टेक तोच पक्का. मनासारखा टेक मिळाला की मी पुढे शूटिंग करतच नसे. कात्रीने न बघता शेवटचा टेक जोडला. दोन मिनिटं राखून सिनेमा खिडकीतून आत गेला. आठवा घे, हे सांगायचं राहूनच गेलं.

ते मला परीक्षेच्या दिवशी भरल्या सभागृहात, पडद्यावर कळलं. मढं उठलं, खुन्याला पळ म्हणालं, आणि मागच्या रांगेपर्यंत किंकाळ्या गेल्या. परीक्षक बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. "मेलेला माणूस आपल्याच खुन्याला सावध करतो," त्या नंतर म्हणाल्या. "ही कल्पना सुचली कशी?"

"घरातूनच मिळाली," मी म्हणाले. मी पास झाले होते.

निकाल सांगायला पहिल्यांदाच मान न वळवता दुकानात गेले. बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि ऐकून घेतलं.

"तुम्हाला आधीच कळलं होतं ना, किती वाजलेत ते?"

"सव्वापाचपासून बघत होतो," बाबा म्हणाले. "बोलायचं नाही, असं तूच सांगितलं होतंस. अर्धा तास गप्प पडून राहिलो. आणखी पंधरा मिनिटं तसाच राहिलो असतो, तर तू इथे बसली असतीस." त्यांनी शेजारच्या स्टुलाकडे पाहिलं. "ते काही जमलं नाही बुवा."

मला रडू फुटलं. बाबांनी स्टुलावरची उशी काढून माझ्या हातात दिली. "सिनेमावाल्यांना तासन्‌तास बसावं लागतं म्हणे. घेऊन जा," ते म्हणाले, आणि रिकाम्या स्टुलावर दुरुस्तीची घड्याळं मांडायला लागले.