काळूरामच्या बांधावरचं लाल टिंब

भात निसवायला आलं होतं आणि अमावास्येचं उधाण तोंडावर होतं. काळूराम मात्र ओटीवर बसून लेकीच्या मोबाईलकडे तिरक्या नजरेनं बघत होता.

प्राप्ती अलिबागला कॉम्प्युटरचं काम करायची. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावानं घातलेल्या बांधाचा तिनं नकाशा केला होता. जिथं बांध पाझरतो तिथं ज्यानं-त्यानं मोबाईलवरून लाल टिंब लावायचं, म्हणजे सगळ्यांना दिसेल आणि सगळे मिळून बुजवतील. नकाशा फुकट, खुला, कुणा एकाच्या मालकीचा नाही. तळा गावातल्या तिच्या मैत्रिणीनं तोच उचलून तिकडच्या विहिरींसाठी वापरायला घेतला होता. आणि इथं? महिना झाला, एक टिंब नाही!

"बाबा, बांध खरंच इतका धड आहे?"

"आपला तरी हाय," म्हणत काळूरामनं मान फिरवली.

खोटं होतं ते. खेकड्यांनी त्याच्या वाट्याचा बांध पोखरला होता. गुडघे गेलेले, म्हणून बिळांत पेंढा कोंबून त्यानं वरून चिखल लिंपला होता. 'काळूरामचा बांध म्हणजे भिंत' असं गाव म्हणायचं. जन्मभर त्या नावावर ताठ चाललेल्या माणसानं चारचौघांत टिंब लावायचं कसं?

दुपारी मागच्या शेताची नीराबाई आली. वयानं मोठी, काळूरामला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं.

"काळू, माझ्या शेताच्या कडेचं पानी खारट लागतंय. तुझ्या बिळांतला पेंढा बघितलाय मी."

काळूरामचा चेहरा उतरला. "मग काकी, तूच का न्हाय लावलंस टिंब?"

"तुझ्या बांधाचं दुखनं तू सांगावंस म्हनून." ती त्याच्याजवळ टेकली. "आरं, बांध फुटला की तुझा बापूस वर उभा रहून बोंब मारायचा. घरटी एक मानूस धावायचा. त्याला लाज वाटली व्हती काय? ही पोर तीच बोंब मोबाईलवर मारायला सांगतेय. बांध तुझ्या वाट्याचा, पन पानी सगल्यांच्या शेतात जातं रं!"

काळूरामचे डोळे भरून आले. बापाची ती हाक त्याला अजून आठवत होती.

"प्राप्ती, ते टिंब कसं लावतात गो?"

त्यानं बोट पुढं केलं. प्राप्तीनं ते आपल्या हातात धरलं आणि दोघांनी मिळून टिंब लावलं.

संध्याकाळपर्यंत शेजारच्या शेतातल्या मोरूनं आपल्या वाट्याच्या बांधावर टिंब लावलं. मग त्याच्या पलीकडच्या केसरनं. बघता बघता अख्खा बांध लाल झाला! काळूराम घाबरला. "एका दिवसात एवढं बिघडलं?"

"नाही बाबा. काल तो असाच होता. काल आपण सगळे गप्प होतो."

सकाळी गाव घमेली घेऊन बांधावर उतरलं. उधाण आलं, बांधाला धडकलं आणि मागं फिरलं. नीराबाईचं भात वाचलं.

मित्रहो, आपल्या गल्लीतला खड्डा, विहिरीचं बिघडलेलं पाणी, बांधाचं बीळ यांची माहिती म्हणजे कुणाची बदनामी नव्हे, ती सगळ्यांची ठेव आहे. खुला नकाशा बनवणारे हात पुष्कळ मिळतील, त्यात खरं भरायला मात्र आपणच हवं. आणि सुरुवात शेजाऱ्याच्या नव्हे, आपल्या बांधापासून करायला हवी!

काळूराम आता रोज सकाळी बांधावर जातो. नवं बीळ दिसलं की मोबाईल काढतो, टिंब लावतो, आणि सवयीनं एक हाकही मारतो.