उभ्या ज्वारीपाशी थांबलेली घोडी

मी एक घोडी बोलतेय. गवत खाऊन वाढलेली नव्हे. टीव्हीच्या काचेमागे धावणारी, शिवमच्या खेळातली.

मला घडवणारी माणसं कुठल्या तरी थंड देशात बसली होती. खऱ्या घोड्यांच्या पायांना खुणा चिकटवून त्यांनी चाल टिपली आणि ती मला दिली. चौखूर धावणं, ओढा ओलांडणं, कडा चढणं, सगळं आलं. उभं राहण्यासाठी मात्र तीनच हालचाली दिल्या: खूर आपटायचा, मान झटकायची, शेपूट हलवायची. घोडी फार वेळ उभी राहील असं त्यांना वाटलंच नसावं.

खेळ बाजारात आला त्याच वर्षी शिवमने तो अकोल्याहून आणला. घर तेल्हाऱ्याजवळच्या गावात. शिवम तेव्हा अकरावीत होता. त्याच्या धाकट्या बहिणीने, आरतीने, माझं नाव मैना ठेवलं. माझं राज्य अफाट होतं. नद्या, जंगलं, किल्ले, कुठंही जा, कुंपण नाही.

पण मागे बाजेवर त्यांचे वडील, भगवंतराव, बसलेले असत. कापूस आणि ज्वारी पिकवणारा माणूस. मी शेतात शिरले की ते ओरडत, "अबे, उभ्या पिकातून जनावर घालते का कोनी? धुऱ्यानं ने!" शिवम मला मुकाट्याने बांधावर घेई. त्या खेळात लाखो घोड्या लाखो घरांत धावत असतील. धुरा धरून चालणारी मी एकटीच.

मग ती कामगिरी आली. शत्रूची फौज येतेय, तिला दाणा मिळू नये म्हणून गावाची ज्वारी जाळायची. काचेवर अक्षरं उमटली: शेत पेटवा. स्वाराच्या हातात पेटता पलिता आला. शिवमने मला शेताच्या काठाशी आणलं.

"बंद कर थे," भगवंतराव म्हणाले. "उभ्या ज्वारीले आग? माह्या घरात नाई."

त्याने बंद केलं. उद्या बघू म्हणाला. पुढे बारावी आली, मग शिवम मातीचं शास्त्र शिकायला हॉलंडला गेला. खेळाचं यंत्र आईच्या, कौशल्याबाईंच्या, जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर गेलं. बंद यंत्रात घोडी झोपते असं लोकांना वाटतं. मी झोपले नाही. पाठीवर पलिता घेतलेला स्वार आणि समोर ज्वारी. सात वर्षं.

या फेब्रुवारीत लुगडं सुटलं. परतलेल्या शिवमला चष्मा लागला होता. काचेतून मला घर दिसायचं, आणि घरात काहीतरी बिनसलेलं होतं. कापसाचा हंगाम संपला होता. उपटलेल्या पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, ढीग दहा एकरांत पडले होते. भगवंतराव ते दर वर्षी जाळत. शिवमला ते मशीनने बारीक करून मातीत घालायचे होते.

"बाबा, तुम्ही पऱ्हाटी नाही, माती जाळताय," तो कळवळून म्हणायचा. तिकडे राहून त्याची बोली पुस्तकी झाली होती.

"तू सहा वर्सं माती वाचली. मी चाळीस वर्सं हातात घेतली," भगवंतराव म्हणायचे. "सोमवारी काडी लागते. विषय संपला."

त्यानंतर बापलेक बोलेनासे झाले. शिवम चिडला की मला दौडवायचा. शेत न जाळता पुढे जायची एखादी वाट असेलच, या हट्टाने त्याने चार संध्याकाळी सगळं राज्य पालथं घातलं. मी ऊर फुटेस्तोवर पळाले. प्रत्येक डोंगरापलीकडे तीच अक्षरं: शेत पेटवा.

शुक्रवारी भगवंतराव पेपराआडून म्हणाले, "सोंगून घे ना आधी."

शिवमने वळून पाहिलं. चार दिवसांतलं ते पहिलं वाक्य होतं.

"ज्वारी घरात आली त शत्रू काय धसकटं खाईन? तलवार हाये ना तुह्यापाशी?"

शनिवारी शिवमने तलवारीने अर्धं शेत कापलं. दाणे गावकऱ्यांच्या कोठारात नेले. जेवायला उठताना खेळ बंद केला. परत येऊन पाहतो तर ज्वारी जशीच्या तशी उभी.

"घंट्याभरात?" भगवंतराव उठून बसले. "बियानं कोनतं हाये, इचार त्याइले!"

स्वयंपाकघरात कौशल्याबाई खळखळून हसल्या. खेळ बंद केला की शेत पुन्हा उगवतं, हे कळलं. म्हणजे सगळी सोंगणी, सगळी कापणी, एका बैठकीत उरकायची.

रविवारी सकाळी सातला सुरुवात झाली. आरतीने तापणाऱ्या यंत्रासमोर टेबलफॅन लावला. मध्येच शत्रूचे स्वार आले.

"शिवम, थे पाय, धुऱ्याकून येऊन राहिले!"

"दिसले, बाबा!"

"मार, पन कनसं तुडवू नको!"

दुपारी शिवमची बोटं आखडली. भगवंतरावांनी हात पुढे केला. "दे इकडं."

पहिल्याच झटक्यात त्यांनी मला ओढ्यात उडी मारायला लावली. "हे घोडी हाये का बेंडकी?" मग हात बसला. शिवम दिसेल तिथं कापत होता. त्यांनी पात धरली, एकेक ओळ. या टोकापासून त्या टोकापर्यंत, ज्वारीचं एक ताट मागे न ठेवता. शिवम मांडी घालून बघत राहिला.

चार वाजता शेत रिकामं झालं. स्वार माझ्यावर चढला, पलिता पुन्हा त्याच्या हाती आला. काचेवर तेच: शेत पेटवा. आता उभं काही नव्हतं, फक्त धसकटं. भगवंतरावांचा अंगठा बटणावर होता. मी खूर आपटला. मला सुटका हवी होती, खोटं कशाला बोलू.

"लावा की, बाबा," आरती म्हणाली. "आपल्या वावरात लावता तसं."

"तू चूप बस वं पोट्टे," कौशल्याबाई म्हणाल्या. शिवम पंख्याचं तोंड यंत्राकडे नीट करत बसला. एरवी तो लगेच भाषण सुरू करायचा.

भगवंतरावांनी माझं तोंड वळवलं. बांधाबांधाने मला मोठ्या रस्त्याला आणलं आणि काचेवरची नजर न काढता म्हणाले, "दोन एकर. जास्ती मांगू नको. तुह्या मशीनीनं बारीक कर, घाल मातीत. नाई पिकलं, त पुढच्या साली मीच काडी लावीन."

"काडेपेटी मी आणून देईन, बाबा."

"लय शायना हायेस."

सोमवारी आठ एकर जळलं. आरती यंत्र पुसताना आईला सांगत होती, ते मी ऐकलं. उरलेल्या दोन एकरांत शिवम मशीन घेऊन राबतोय, म्हणे. माझ्याकडे यायला त्याला वेळ नाही. ती कामगिरी पुरी झालेली नाही, शत्रू वाटेतच आहे, आणि तुम्ही बापलेक पुन्हा याल तेव्हा ती ज्वारी परत डोक्याएवढी झालेली असेल. असू दे. शिवम, आलास तर मला शेताकडे नको नेऊस. पलीकडचे डोंगर दाखव तुझ्या वडलांना. तिथली जमीन कशी आहे, ते विचार.

रविवारी रस्त्याला लागल्यावर त्यांनी मला दौडत नेलं, बोटं चाचपडत, "हे तं पयते बे!" असं हसत. तेवढ्यात गावातली वीज गेली. माझा पुढचा पाय हवेत होता. तो अजून खाली टेकलेला नाही.