खंडेनवमीला सुकलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीवर झुलणारा नव्हे, पाणी गाळणारा. पातळ थरांची घट्ट गुंडाळी करून मला एका नळीत बसवलं आणि इंदूरला पाठवलं. मल्हारगंजातल्या गल्लीत यशवर्धनजींचा छोटा कारखाना आहे. तिथे पितळी नळांवर क्रोमचा मुलामा चढतो. नळ धुतल्यावर उरलेलं पिवळं, विषारी पाणी माझ्याकडे येई. माझी छिद्रं इतकी बारीक की पाणी पलीकडे जाई आणि क्रोमियम अलीकडेच अडकून राही.

माझी देखभाल कुमुदिनीताईंकडे होती. रोज सकाळी त्या विचारत, “काय पडदेराव, आज तबियत ठीक है ना?” मग गाळलेलं पाणी ग्लासात धरून उजेडात बघत. ते निर्मळ दिसलं की मलाही अभिमान वाटे. कारण ते पाणी मागच्या कच्च्या नालीत जाई, आणि नालीला लागूनच गल्लीचं बोरिंग होतं. घरच्या नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येई. मधल्या दिवशी सारी घरं बोरिंगचंच पाणी पीत, ताईंचं घरसुद्धा.

मला बसवताना फिटर अंकुरने यशवर्धनजींना बजावलं होतं, “सर, एकदा भिजला की याला सूखने मत देना. छुट्टीतही पाण्यातच ठेवा.” यशवर्धनजींनी मान हलवली आणि ते विसरून गेले. ताई तेव्हा जेवायला गेल्या होत्या. त्यांना कुणीच काही सांगितलं नाही.

मग खंडेनवमी आली. ताईंचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. त्यांच्या घरची रीत अशी, की त्या दिवशी हत्यार पुजायचं, त्याला काम सांगायचं नाही. ताईंनी मला बाहेर काढलं, निथळू दिलं, पुसून उन्हात ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. “वर्षभर राबलात, पडदेराव. आता दोन दिवस आराम करा.” एवढी माया मला कुणी लावली नव्हती, आणि त्याच मायेने माझा घात झाला. माझी छिद्रं आक्रसून मिटली.

दसऱ्यानंतर पंप सुरू झाला, पण माझ्यातून थेंब पलीकडे जाईना. अंकुर म्हणाला, “सुकवला याला? ये तो गया.” ताईंनी विचारलं, “मला कुणी बताया का नाही?” यशवर्धनजींनी बाजूचा नळ उघडून पाणी थेट नालीत सोडलं. “बस दो दिन, ताई. नवा मागवतो ना.”

त्याला सात महिने झाले. ताई विचारून विचारून थकल्या. शेवटी त्यांना पॅकिंगला बसवलं. “बोरिंग खूप खोल आहे, कुछ नहीं होता,” असं यशवर्धनजी म्हणाले. ताईंनी बोरिंगचं पाणी उजेडात धरून पाहिलं. ते पिवळं नव्हतं, म्हणून त्यांना हायसं वाटलं.

मी कोपऱ्यात पडून आहे. जेवणाच्या सुट्टीत ताई येतात आणि माझ्यावर तांब्यातलं पाणी ओततात. भिजवलं तर मी पुन्हा उठेन, अशी त्यांची वेडी आशा. मी आता उठणार नाही.

मित्रांनो, यंत्राला हार जरूर घाला, पण आधी त्याला काय हवं ते विचारा, आणि कळलेलं स्वतःपाशी ठेवू नका. माझं व्हायचं ते झालं. पण तांब्यातलं ते पाणी बोरिंगचं असतं. त्यात क्रोमियम आहे, पिवळं दिसण्याइतकं नाही, पण विष ठरण्याइतकं. जन्मभर तेच अडवलं, मी ओळखणार नाही तर कोण? माझ्यावर ओतून उरलेलं पाणी ताई तिथेच उभ्या राहून पितात. मला तोंड नाही. कुणीतरी त्यांना सांगा.