सातवी खूण

मी एक फळी बोलतेय. फार शिकलेली नाही. ताट, वाटी, पेला, चमचा, रुमाल आणि झाकण, या सहा आकृत्या एवढीच माझी विद्या.

मूळची मी एका मोडक्या कपाटाची पाठ. भंगारात जायची, पण कोचबाईंनी उचललं. ज्यांना काम शिकायला वेळ लागतो, त्यांना नोकरी मिळवून द्यायची आणि शेजारी उभं राहून शिकवायचं, हा त्यांचा पेशा. त्यांनी ऑइलपेंटनं माझ्यावर सहा वस्तूंच्या कडा रेखल्या आणि मला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात अशाच एकीपुढे ठेवलं.

चौतिसाव्या वर्षी ती पहिल्यांदा नोकरीला लागली होती. तिला वाचता येत नव्हतं, तोंडी सांगितलेलं टिकत नव्हतं. पण डोळ्यांना दिसलेलं ती विसरत नसे. एकेक वस्तू माझ्या आकृतीवर ठेवायची, सगळ्या आकृत्या भरल्या की सामान ट्रेमध्ये. पहिल्या दिवशी जेमतेम तीन ट्रे झाले. सहा महिन्यांनी ती एकटी दुपारचे एकशेवीस ट्रे लावायला लागली!

आचारी तिला मुकादम म्हणायचे. "मुकादम, एक रुमाल नसला तर काय आभाळ कोसळणार आहे का?"

"नाही. पण फळीवर रुमालाची जागा अजून रिकामी दिसतेय," ती म्हणायची, आणि रुमाल आल्याशिवाय ट्रे हलत नसे. मला तिचा भारी अभिमान वाटायचा.

तिचं चांगलं काम करणंच तिला नडलं. कोचबाईंच्या ऑफिसातून निरोप आला, 'ती आता व्यवस्थित करते, मग कोच कशाला? रांगेत बाकीचे थांबलेत.' शेवटच्या दिवशी बाईंनी माझा रंग पुन्हा गडद केला, पाठीवर आपला फोन नंबर लिहिला आणि मॅनेजरसाहेबांना बजावलं, "काही बदललं तर आधी मला कळवा. पाच मिनिटांचं काम असतं." साहेब हो हो म्हणाले. दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली. नव्या साहेबांना कुणी काही सांगितलं नाही.

एका सकाळी नव्या साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, आजपासून प्रत्येक ट्रेवर पथ्याची चिठ्ठी ठेवायची. तिनं मान हलवली. समजो न समजो, मान हलवायची सवय तिला लहानपणापासून लागली होती. दुपारी तिनं माझ्याकडे पाहिलं. सहाही आकृत्या भरलेल्या. ट्रे वॉर्डात गेले, चिठ्ठीविना. साहेब ओरडले, तिनं पुन्हा मान हलवली. असे तीन दिवस. तिसऱ्या दिवशी साखरेच्या पेशंटला गोड गेलं. संध्याकाळपर्यंत तो बरा झाला, पण तक्रार झालीच आणि तिची नोकरी गेली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चूक माझी होती. मी सांगितलं तेवढं तिनं अचूक केलं. एक चौकोन कमी होता माझ्यावर, आणि मला तोंड नव्हतं.

भाऊ न्यायला आला. साहेब त्याला म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो, पण झेपत नाही तिला." ती मला छातीशी धरून घरी आली.

वाटेत तिनं विचारलं, "दादा, माझं काय चुकलं?"

"चिठ्ठी ठेवली नाहीस गं."

आता रोज दुपारी घरातली ताटवाटी ती माझ्यावर मांडते. वहिनी म्हणते, "अगं, जेवायला चौघंच आपण, कशाला हा पसारा?" ती ऐकत नाही. सहा आकृत्या भरल्या की वहीचा एक कागद फाडते आणि माझ्या कोपऱ्यात, जिथं काहीच काढलेलं नाही तिथं, नीट ठेवते. मग दाराकडे बघत बसते. कुणीतरी येऊन ट्रे नेईल असं तिला वाटतं.

तिला येतं हो! कुणी न काढलेली खूण तिची ती शिकली. हे कोचबाईंना कळायला हवं. नंबर माझ्या पाठीवर अजून आहे, पण ती मला सुलटीच ठेवते, आणि घरात कुणाला वाटतच नाही की फळीला पाठ असते.

एकदा, कुणीतरी, मला उलटी करा.